शून्यावरचा काटा

लाखनीचा प्रफुल्ल मेश्राम चाळिशीनंतर एसीच्या कामात शिरला. त्याआधीची वीस वर्षं हायवेवर ट्रक-ट्रॅक्टरचे पंक्चर काढण्यात गेली. लोक अजून डिवचतात, "का बे, आता थंडी हवा भरतोस म्हणे?"

मे महिन्यात रुपाच्या ब्युटी पार्लरचा एसी थंडच करेना. गच्चीवरच्या युनिटला तांब्याची जाड नळी जोडलेली असते तिथला पितळी व्हॉल्व्ह तेलकट झाला होता. गॅस झिरपत होता. व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे झाळकामाच्या टॉर्चची ज्योत आली, आणि नळीत गॅस कोंडलेला असताना ज्योत लावली तर नळी तोंडावर फुटते. म्हणून प्रफुल्लनं आधी त्याच व्हॉल्व्हाला गेज जोडला. काटा शून्यावर. त्यानं टॉर्च पेटवला.

रुपा जिना चढून आली. "दादा, चार वाजता नवरी येऊन राहिली. घामानं सारा मेकअप गळ्यात उतरन तिच्या."

"लावतोच आता, बाई."

"मंग थांबले काहून? काटा शून्य हाये, मले बी दिसते."

प्रफुल्ल वाकलेला तसाच राहिला. धानाच्या बांधीतून ट्रॅक्टर आला की चाकाच्या व्हॉल्व्हात चिखल सुकलेला असे. गेज शून्य दाखवी अन् चाक ढोलासारखं टणक. म्हणून पंक्चरवाला गेजवर जात नाही, आधी चाकाला लाथ घालून पाहतो. इथं लाथ कुठं घालावी?

त्यानं टॉर्च विझवला. शेजारच्या बारीक नळीवर भोक पाडणारा सुईचा क्लॅम्प आवळला, त्याला दुसरा गेज लावला. काटा टुणकन दोनशेच्या पार गेला. जुन्या व्हॉल्व्हाची पिनच अडकली होती, पहिल्या गेजपर्यंत गॅस पोचतच नव्हता.

रुपा दोन पावलं मागं सरली. मग हळूच, "दादा, हे..."

"माह्या थोबाडावर आलं असतं. तुम्ही खाली जा जी. नवरीले पंख्याखाली बसवा."

त्यानं मशीन लावून सगळा गॅस टाकीत ओढून घेतला. क्लॅम्प उघडून पाहिलं, फुस्ससुद्धा झालं नाही. मग नळीतून हळूहळू नायट्रोजन सोडत, नव्या व्हॉल्व्हाला ओलं फडकं गुंडाळून झाळलं. सुईचं भोकही बुजवलं. नायट्रोजनचा दाब भरून साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. नळीतली हवा ओढून काढून गॅस वजनावर भरला, तेव्हा साडेपाच वाजले होते. खालून रुपा ओरडली, "आली थंडी हवा! नवरी हासून राहिली!"

प्रफुल्ल पाण्याच्या टाकीच्या सावलीत मटकन बसला. त्यानं घरी बायकोला फोन लावला.

"जेवले नाई ना अजून?" वच्छलानं विचारलं. "आवाज काहून असा?"

"काई नाई. भाजी काय केली?"

"वांगं. रोज शिव्या देता ना त्याले."

"ठेव. येऊन राहिलो मी," तो म्हणाला, "जास्त ठेव."