शेख सरांचा माळ

माळावरून आलं की सॉक्समध्ये कुसळं अडकलेली असतात. काढली काढली म्हणेपर्यंत एखादं आठवड्याने टोचतं. आमच्या बॉटनी डिपार्टमेंटचे किस्से तसेच. मी रिटायर झाले तरी अजून निघतायत, आणि त्यातले बरेचसे शेख सरांचे!

सरांनी जन्मभर एकच विषय केला, गवताळ माळावरची रानफुलं. पावसाळा सरता सरता आमची ट्रिप लोणी काळभोरच्या पुढच्या एका माळावर जायची. मी नवीन लागले त्या वर्षी बसमधून उतरल्या उतरल्या एका मुलीने चौफेर पाहिलं.

"सर, इथे तर काहीच नाहीये!"

"आहे. तू त्यावर उभी आहेस!"

ती दचकून बाजूला उडी मारायला गेली, ती थेट दुसऱ्या फुलावर!

*

सरांचं लाडकं रोप म्हणजे खुळखुळा. पिवळी फुलं, आणि शेंगा वाळल्या की आत बिया खुळखुळतात. मुलांना दाखवायला सर एखादंच रोप मुळासकट उपटायचे. मुळांवर बारीक गाठी असतात.

"यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीला देतात. त्यावर गवत पोसतं, गवतावर किडे आणि किड्यांवर चंडोल. खताचा कारखाना आहे हा. ना धूर, ना युनियन!"

मग ते रोप पुन्हा मातीत खोचून बाटलीतलं पाणी घालायचे.

"सर, ते आता जगणार नाही," मी एकदा म्हटलं.

"ठाऊक आहे हो मॅडम. पण त्याच्यासमोर कशाला बोलता?"

*

सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये सरांचं व्याख्यान होतं. शेवटी पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले.

"सगळं ठीक आहे. पण या गवताचा आपल्याला उपयोग काय?"

सर थकले होते. फटकन म्हणाले, "रिटायर झाल्यावर आपला तरी काय उपयोग असतो?"

"मला पेन्शन येते," आजोबा शांतपणे म्हणाले. "तुमच्या गवताला येते का?"

अख्खा हॉल हसला. सरही हसले.

*

माळाचा अलीकडचा तुकडा आबांचा. त्यांच्या म्हशी तिथेच चरायच्या. "ह्या माळाला चरली, की म्हशीच्या दुधाला गोडी येती बघा," असं सांगून ते आम्हाला चहा पाजायचे.

एका वर्षी गेलो, तर तिथे तारेचं कुंपण आणि प्लॉटिंगचा बोर्ड.

"आबा, हे काय?"

"पोरांनी ठरिवलं."

"आणि म्हशी?"

"इकल्या. चारायच्या कुटं?"

चहा मात्र आला. कप पुढे करताना आबांनी मान खाली घातली. "पिशवीच्या दुधाचा हाय. गोड मानून घ्या."

सरांनी आणखी अर्धा कप मागून घेतला.

*

सर रिटायर झाले, तेव्हा त्यांचा मुलगा इरफान खराडीला आयटीत होता. त्याने आम्हा सगळ्यांना गुपचूप बोलावलं. अब्बांना सरप्राइज! सरांना गाडीत बसवून त्याने थेट माळावर आणलं. गावाचं गायरान तेवढं शिल्लक होतं, आणि खुळखुळा ऐन फुलावर होता.

मधोमध खड्डेच खड्डे! हिरव्या टी-शर्टमधली ऑफिसची मुलं रोपं घेऊन उभी होती. उपटलेली पिवळी फुलं एका कडेला ढिगात. वर बोर्ड, 'शेख सर वन'.

"ओसाड पडलं होतं अब्बा. आता इथे जंगल होईल, तुमच्या नावाचं!"

आम्ही कुणीच सरांकडे बघू शकलो नाही. सर खाली बसले, हातात दिलेलं रोप खड्ड्यात ठेवलं आणि माती लोटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अब्बा, पसंद आया?"

"बहुत," सर म्हणाले.

*

पुढे इरफानला कंपनीने परदेशात पाठवलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सोलापूर रस्त्याने येत होते. माळापाशी सरांची जुनी स्कूटर दिसली म्हणून गाडी थांबवली. बरीचशी रोपं वाळून गेली होती. सर पाण्याचा कॅन घेऊन उरलेल्यांच्या बुंध्याशी वाकत होते. पाठ सरळ होत नव्हती.

"सर, तुम्ही पाणी घालताय? वाळू द्या की! ही गेली तर खुळखुळा परत येईल. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"येईल ना. बी असतं मातीत."

"मग?"

सरांनी कॅन दुसऱ्या हातात घेतला.

"रविवारी इरफानचा फोन येतो, मॅडम. पहिलं हेच विचारतो, 'अब्बा, पेड़ कैसे हैं?'"