सखूमायच्या घरचा उपवास

सखूमाय दारावरून जाणाऱ्या कुणालाही उपाशी जाऊ देत नसे. आम्ही मात्र जात होतो. "जेवून जाय ना बाप्पा," ती म्हणायची आणि आमच्या घरातल्या माणसाला त्याच क्षणी एखादा उपवास आठवायचा. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, शनिवारी मारुती. आमच्याइतकं धार्मिक घराणं अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नसेल. खरं कारण गावाला ठाऊक होतं: अनुसूचित जमातीचं ते गावातलं एकुलतं एक घर, आणि आम्ही पाटील. "तुमचे देव लय कडक," एवढंच म्हणून ती पुन्हा शिंदीचे फडे बांधायला बसायची. आमची घरं तिच्याच फड्यांनी झाडली जात. फड्यांना उपवास आडवा येत नसे.

मग सरपंचपदाचं आरक्षण निघालं: अनुसूचित जमाती, स्त्री. तिची मुलगी सासरी गेलेली, म्हणजे गावात उरली एकटी सखूमाय. पॅनेलं दोन. एक पाटील आळीचं, आमच्या काकांचं. दुसरं तांड्यावरच्या नाईकांचं. मोहल्ला आणि बौद्धवाडा कुणाकडे झुकतो यावर आजवर सगळं ठरायचं. आता सगळं गणित एका चुलीपाशी येऊन अडलं.

काकांनी मला पाठवलं. आमच्या घरात राजकारण कळणारे पुष्कळ. पुढ्यातलं ताट पुसून खाणारा मी एकटा. आंबाडीच्या भाजीशी टोपल्यातल्या भाकरी संपवत आणल्या आणि मी पॅनेलचा विषय काढला.

"तुह्यं जेवण धरत नाही," ती म्हणाली. "तू तं कुठंबी जेवतं. काकाले पाठव. तुह्या काकात अन् नाईकात जो माह्या घरी पयले जेवला, मी त्याची."

काकांनी पंचांग उघडलं. नेमका त्या दिवशी एकही उपवास निघेना. नाईकांचे देवही आमच्यासारखेच कडक. त्यांनी शुगरचं कारण सांगितलं, तर तिनं बिनसाखरेचा चहा ठेवला. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी काका एकदाचे निघाले आणि समोरून नाईकांची मोटारसायकल येताना दिसली. काकांना पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोघं एकदमच ओट्यावर चढले, एकदमच मांडी घालून बसले आणि एकमेकांच्या हाताकडे बघत घास घेऊ लागले.

"हळू खा," सखूमाय म्हणाली. "मी कुठं पळून नाही राह्यली."

सखूमाय बिनविरोध सरपंच झाली. प्रत्येक सभेला ती फडक्यात भाकरी बांधून आणायची. पोट भरलं की माणसं कमी भांडतात, असं तिचं मत. ते साफ चूक होतं. आमची माणसं तोंडात घास ठेवून भांडत. पण उपवास कुणी सांगत नसे.

पुढच्या वेळी पद खुलं झालं. ती परत फडे बांधू लागली आणि तिच्या दारावरून जाताना माणसांना हळूहळू पुन्हा देव आठवू लागले. काकांनाही. मी थांबायचो, पण माझं जेवण कुठं धरलं जात होतं?

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेरवीला मुलीनं अंगणात पंगत मांडली आणि कोण येतं ते बघत दारात उभी राहिली. सगळ्यात आधी काका आले, काठी टेकत. पहिल्याच पानावर बसले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आज खरोखरीच एकादशी होती आणि ती काकांनी उभ्या जन्मात मोडली नव्हती. मी हळूच त्यांच्या कानाशी लागलो.

"मालूम हाय मले," काका म्हणाले. "पोरीले म्हण, वाढ."