शीट नंबर चोवीस

सुरुवातीलाच सांगून टाकतो, असले अनुभव मी आजवर फक्त टाइमपास म्हणून वाचत आलोय. खाली लोक ‘अंगावर काटा आला’ लिहायला लागले की मला हसू येतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली नाही, तर ती घडलीच नाही असं आमच्या धंद्यात धरून चालतात. माझा अनुभव मला पुन्हा करून दाखवता येणार नाही... तेव्हा तुम्ही हसलात तरी राग नाही.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. जुनी सोसायटी, तिसरा मजला, हॉलच्या खिडकीतून लांबवर मिठागरं दिसतात. घरात आता मी आणि आई. बाबा दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेले. ते भांडुपच्या एका लहान कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, पंपांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचे. रिटायर झाल्यावर त्यांना काही सुचेना. घरभर फेऱ्या मारायचे आणि आईच्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावायचे, तीही स्टेन्सिलने.

त्या सुमारास मी एक सर्व्हायव्हल हॉरर गेम खेळत होतो. नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील. बंद पडलेलं एक सॅनिटोरियम, त्यात तुम्ही एकटे, हातात जेमतेम चार गोळ्या आणि नकाशा नाही. त्या गेममध्ये नकाशा मिळतच नाही. एकाच कॉरिडॉरमध्ये मी चौथ्यांदा मेलो तेव्हा मागून बाबांचा आवाज आला, “अरे मंदार, डावीकडून आलास ना? मग परत डावीकडेच काय जातोस?” आणि चौकटीची वही घेऊन ते शेजारच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसले.

मग ती आमची रोजची बैठकच झाली. मी खेळायचो, ते नकाशा काढायचे. नियम कारखान्यातलेच. डोळ्यांनी पाहिलेली भिंत सलग रेघेत, नुसती अंदाजाने धरलेली तुटक रेघेत. पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात चौकट – शीट नंबर, तारीख, ‘काढले’पुढे त्यांची सही, ‘तपासले’पुढे माझी. मी खोलीत स्वतः फिरून आलो, की तुटक रेघ सलग व्हायची. त्याशिवाय सही करू द्यायचे नाहीत.

आणि बाबा घाबरायचे. खरंच घाबरायचे! त्या गेममध्ये एक बाई ओल्या पायांनी चालत येते. तो चपचप आवाज आला की बाबा उठायचे, “मी जरा चहा टाकतो.” ज्या माणसाने जन्मात कधी चहा टाकला नाही, तो... नकाशावर अशा प्रत्येक खोलीत त्यांनी बारीक अक्षरात ‘चहा’ लिहून ठेवलंय. म्हणजे इथे तू एकटा, मी किचनमध्ये. तेवीस शीट आणि अकरा चहा, असा तो गेम आम्ही संपवला.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा एकच प्रश्न, “दुसरा भाग कधी येतोय रे?” तेव्हा दुसऱ्या भागाची कुठे चर्चासुद्धा नव्हती. एकदा ऑफिसच्या वैतागात मी म्हणालो, “येईल तेव्हा येईल बाबा, तुम्हाला कसली एवढी घाई?” ते नुसते हसले. त्यानंतर आठ दिवसांत ते गेले. ते वाक्य मला अजून टोचतं.

वर्षभराने दुसऱ्या भागाची घोषणा झाली. चाळीस सेकंदांचा ट्रेलर – समुद्र, धुकं, एक लोखंडी गेट, एवढंच. आमच्या ग्रुपवर नुसता धिंगाणा. माझा मित्र निलेश तर रोज दिवस मोजत होता. गेम दोनदा पुढे ढकलला गेला. सगळे चिडले, मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. शेजारची खुर्ची रिकामी असताना खेळायची मला भीती वाटत होती. आणि हा भाग खेळून संपवला, की आमचं दोघांचं असं काही शिल्लकच राहणार नाही, याची जास्त.

शेवटी तो आला. शनिवारी सकाळी दहा वाजता मी टीव्हीसमोर बसलो. नकाशासाठी बाबांचीच वही काढली. तेविसाव्या शीटनंतर आणखी एक पान भरलेलं होतं, सगळं तुटक रेघांत. जुन्या गेमचं काहीतरी राहिलं असेल असं धरून मी समोरचं कोरं पान घेतलं.

नव्या भागात जहाजदुरुस्तीचा एक बंद कारखाना आहे. तासभर खेळून मी माझ्या गिचमिड हाताने नकाशा काढला आणि सहज डावीकडच्या पानावर नजर गेली... तोच कॉरिडॉर. तोच वाकडा जिना. बाबांनी पायऱ्यांपुढे ‘८’ लिहिलं होतं, मी ७. गेममध्ये परत जाऊन मोजल्या. एक पायरी तुटलेली होती, ती मी धरली नव्हती.

स्टोअररूममध्ये त्यांनी कपाटामागे दार दाखवलं होतं. मी कपाट ढकललं. दार होतं.

कोपऱ्यातल्या चौकटीत शीट नंबर २४, ‘काढले’पुढे बाबांची सही, ‘तपासले’ कोरं. तारीख ते जाण्याच्या दोन महिने आधीची.

दुपारपर्यंत मी त्या नकाशावरूनच चालत गेलो आणि शेवटच्या खोलीच्या दाराशी थांबलो. आतून तोच चपचप आवाज येत होता. मी शीटवर ‘चहा’ शोधला. त्या खोलीत नव्हता. अख्ख्या शीटवर कुठेच नव्हता. मी गेम बंद केला.

मग आठवडाभर चौकशी. निलेशला कपाटामागच्या दाराचा फोटो पाठवला तर तो म्हणे, “यार, हे दार मला मिळालंच नाही. तुला लीक कुठून मिळाला?” गेम आधीच कुठून फुटला म्हणावं, तर शीटवरची तारीख घोषणेच्याही आधीची, आणि बाबांना मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही जमत नव्हतं. त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना वही दाखवली. ते म्हणाले, “आपण पंप बनवायचो रे. इमारती कुठून येणार?” आईला विचारलं. ती म्हणाली, “दुपारी काढीत बसायचे कायतरी. माका वाटला, तुझाच काम.”

पुढच्या शनिवारीही मी गेममधल्या त्या शेवटच्या दाराशी नुसता बसून होतो. आई मागे सोफ्यावर होती. म्हणाली, “कर पुरा. तेंका अर्धा काम ठेवलेला आवडा नाय.” आणि उठली, “चाय टाकतंय.”

“नको आई, बस,” मी म्हणालो. “आज कुणी उठायचं नाही.”

ती बसली. मी दार उघडलं. आत जे होतं त्याने मला तीनदा मारलं, चौथ्यांदा मी जिंकलो. त्या वेळात वेताच्या खुर्चीकडे मी एकदाही बघितलं नाही. पण एकटं वाटलं नाही, हे खरं. मग बाबांच्याच पेन्सिलने सगळ्या तुटक रेघा सलग केल्या आणि ‘तपासले’पुढे सही केली. सही करताना रडलो, आईसमोरच.

कारण मला आजही सापडलेलं नाही. तिसरा भाग येणार की नाही, हेही कुणाला माहीत नाही. वही ड्रॉवरमध्ये आहे. माझ्या गिचमिड नकाशामागचं पान कोरं आहे की भरलेलं, हे बघायला एक सेकंद पुरेल... टेस्टर असूनही ते पान मी अजून उलटलेलं नाही.