आधी बघ, मग लिही

पप्पांनी मला लहानपणापासून एकच गोष्ट घोटून शिकवली होती: फॉर्मवरचा कुठलाही रकाना रिकामा ठेवायचा नाही. मुंबईहून इस्राएलला आलो तेव्हा लोद गावच्या कामगार कचेरीतून त्यांचा कागद दोनदा परत आला होता. स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसल्यामुळे त्यांनी ती जागा कोरी सोडली होती. तिसऱ्या खेपेला त्यांनी एक जानेवारी ठोकून दिली आणि कागद मुकाट आत गेला. तेव्हापासून आमच्या घराची रीतच ठरली. आधी काहीतरी भरा, चुकलं तर पुढे बदलू.

या शिकवणीवर मी शाळा, सैन्यातली दोन वर्षं आणि कॉम्प्युटरचा कोर्स निभावून नेला. मग विमानतळाजवळच्या एका कारखान्यात सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. काम पसंत पडलं तर कविउत, म्हणजे कायमची नोकरी. नाहीतर शालोम, म्हणजे रामराम. पप्पा सोळा वर्षं दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला हंगामी होते. दर वर्षअखेरीला फोरमनच्या दारात उभे राहून "पुढं येऊ का?" असं विचारायचे. मला काही झालं तरी त्या दारात उभं राहायचं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मला प्रोलॉग नावाच्या नव्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहायला दिला. विमानाचा सुटा भाग आला की तो कुठे पाठवायचा ते सांगायचं. तडा असेल तर दुरुस्तीला, नसेल तर गोदामात. हात्तिच्या, एवढंच! मी लिहिलं, जागा म्हणजे गोदाम. त्याच्याखाली लिहिलं, तडा असेल तर जागा म्हणजे दुरुस्ती. धडधाकट भाग सुरळीत गोदामात गेले. तडा गेलेला भाग दिला की मात्र पडद्यावर एकच शब्द: नो.

बुधवारची दुपार झाली तरी नो. गुरुवारी साहेब बघायला येणार होते. ओळी पुन्हा पुन्हा टाइप करून पाहिल्या, यंत्राला मराठीत चार शिव्या हासडल्या. तिथे त्या कोणाला कळत नसत, हा केवढा तरी आधार होता. डबा तसाच परत गेला.

शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई बसायच्या, त्यांनीच मला प्रोलॉग शिकवलं होतं. त्यांनी माझा कागद वाचला आणि हिब्रूत म्हणाल्या, "इथे 'जागा'सारख्या नावाला एकदा दिलेली किंमत बदलत नाही. तू आधी गोदाम म्हणतेस, मग दुरुस्ती. एकच वस्तू दोन ठिकाणी कशी असेल? म्हणून ते नो म्हणतं. तपासायच्या आधीच गोदाम का लिहिलंस?"

"मग काय लिहू?"

"काहीच नको. कोरं सोड."

कोरं! "आणि परत पाठवलं तर?" मी विचारलं.

"कोण पाठवणार?" त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

सोडलं कोरं. आधी अट घातली: तडा आहे का? असेल तर जागा म्हणजे दुरुस्ती, नाहीतर जागा म्हणजे गोदाम. भाग दोनपैकी एकाच वाटेनं जाणार, किंमत एकदाच बसणार, बदलायचा प्रश्नच नाही. तडा गेलेला भाग दिला आणि पडद्यावर दुरुस्ती उमटलं. मी एवढ्या मोठ्यानं हुश्श केलं की सगळं खातं वळून बघायला लागलं. दोन दिवस फुकट रक्त आटवलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

गुरुवारी साहेबांनी चारदोन भाग घालून पाहिले, "बेसेदर", ठीक आहे, म्हणाले आणि चहा प्यायला गेले. पुढच्या आठवड्यात कविउतचं पत्र हातात पडलं.

संध्याकाळी पप्पा कामावरून आले तेव्हा मी ते त्यांच्यापुढे धरलं. प्रार्थनेची हिब्रू ते भराभर वाचत, कचेरीची मात्र ओळीवर बोट ठेवून. खालच्या सहीपर्यंत बोट पोचलं तसे ते थांबले.

"ह्ये आता बदलायचं नाय ना?"

"नाही, पप्पा."

"वरसाच्या शेवटाला इचारायला जायचं नाय?"

"कोणालाच नाही."

ते खाली बसले. डोळे पुसायला त्यांनी रुमालही काढला नाही, तळहातानंच पुसले.

"मला कंदी कोनी असं लिवून दिलं नाय," ते म्हणाले. "तुला दिलं ना? मंग चालंल."