उंबऱ्यात आडवी झालेली आपा

डोंगरातल्या नारिन शहराच्या बाजारात आमचं औषधांचं दुकान आहे. त्या फेब्रुवारीत समोर सलग तीन दिवस एक करडी गाडी उभी होती. तिला नंबराची पाटी नव्हती. तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत दुकानात काम करणाऱ्या सेयिलनं काउंटरखाली माझा हात घट्ट धरला. "मला मारामारी शिकायचीय. आजच."

सेयिल तेव्हा बावीस वर्षांची. तिच्या थोरल्या बहिणीला अशाच एका गाडीतून भर दुपारी लग्नासाठी पळवून नेलं होतं. बहीण दणकट. चार बायका झटल्या तरी तिनं डोक्यावर नवरीचा पांढरा रुमाल बांधू दिला नाही; तो बांधला की पोरगी लग्नाला कबूल झाली असं धरतात. दारापर्यंत पोचली, तेवढ्यात त्या घरातली म्हातारी उंबऱ्यात आडवी झाली. म्हाताऱ्या माणसाला ओलांडलं की शाप लागतो, जन्म नासतो, हे आमच्या पोरींना बोलायला लागायच्या आधीच कळतं. बहीण तिथंच खाली बसली. अजून त्याच घरात आहे.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी क्लास शोधत निघालो. पहिल्या ठिकाणी भिंतभर आरसे आणि चषक. मास्तर हवेत लाथा मारत होता, दिसायला फार देखण्या.

"तीन महिन्यांत तुला कुणी हात लावायला धजणार नाही," तो म्हणाला.

"बर्फावर, या कोटात, या बुटांत पाय एवढा वर जाईल?" सेयिलनं विचारलं.

"बूट घालून मॅटवर यायचं नसतं."

दुसरीकडे पट्टा धरून खेळायची कुस्ती. विद्या अस्सल, पण उस्ताद म्हणाला, "पोरी घेत नाही आम्ही. आणि चांगल्या घरचा कुणी नेत असेल तर जा की!"

कोपऱ्यातून एकजण हसला, "माझ्याकडे गाडी नाही, नाहीतर मीच आलो असतो."

बाहेर आल्यावर सेयिलचे दात वाजत होते. ऊन चांगलं पडलं होतं.

झुमागुल एजेचा ज्युदोचा क्लास एका शाळेच्या जुन्या बॉयलरघरात चालायचा. एजे म्हणजे ताई. तिथं सगळ्या तिला तेच म्हणत. तिनं काही विचारायच्या आधी आम्हाला तासभर नुसतं बघायला बसवलं. खाली दाबलेल्या पोरीनं जमिनीवर दोनदा थाप मारली की वरची तत्क्षणी हात सोडायची. प्रत्येक वेळी.

"बघितलंस? सोडतात," सेयिल हळूच म्हणाली.

एजे तिला म्हणाली, "उद्यापासून रोजच्या कपड्यांत ये. कोट, बूट, सगळं. आणि ऐक, चौघांपुढे कुणाचंच चालत नाही, माझंही नाही. मी सुटायला शिकवते, पळायला शिकवते. जिंकायला शिकवतो म्हणणाऱ्याकडे फिरकू नकोस."

सेयिल शिकली. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं सोडवायचं, कारण मूठ तिथंच कच्ची असते. गाडी मधे आठवडाभर दिसायची नाही. मग दिसायची. न दिसण्याचीच सेयिलला जास्त भीती वाटे.

मार्चमध्ये एजेनं आपल्या आईला आणलं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नाव कालिचा, पण सगळ्या तिला आपा म्हणत, म्हणजे आई. आपा काठी बाजूला ठेवून बॉयलरघराच्या उंबऱ्यात आडवी झाली.

"ओलांडा," एजे म्हणाली.

कुणीच हलेना.

"अगं, पाठ गारठली माझी!" आपा खालून ओरडली. "एवढा वेळ लावताय, लग्न जुळवताय की काय? उडी मारा!"

क्लासमधल्या दोघी पोरी ओलांडून गेल्या. सेयिलचा पाय उचललाच गेला नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तेव्हा आपानं तिला शेजारी बसवलं.

"पुतण्याच्या घरी मी अशीच खरोखर आडवी झाले होते. त्यानं पळवून आणलेली पोरगी थांबली. आता चार मुलं आहेत तिला. मला चहा देते, पण डोळ्याला डोळा देत नाही. शाप द्यायला मला येत होतं की नाही, मलाच ठाऊक नव्हतं गं."

एप्रिलच्या दहा तारखेला दुपारी सेयिल पाव आणायला गेली आणि परतली नाही. पुढचं तिनंच मला सांगितलं.

चौघे होते. दोघांचे हात तिनं सोडवले, तिसऱ्यानं गाडीत कोंबलं. ज्या घरी नेलं तिथं, नवरीला बसवतात त्या पडद्यामागे बायकांनी रुमाल पुढे केला. तिनं तो तीनदा खाली टाकला. मग भिंतीला धरत ती दारापर्यंत गेली.

दारात त्या घरची म्हातारी आडवी झालीच होती. बारीक, पांढऱ्या केसांची. तिच्या मोज्याला भोक होतं.

"ओलांडशील तर तुझी कूस वाळेल," म्हातारी म्हणाली.

सेयिल थांबली. मागं बायकांनी रुमाल परत उचलला. ती आता बसणार हे त्यांना ठाऊक होतं. तिनं पाय उचलला. म्हातारीनं खालून तिचा घोटा धरला.

सेयिल वाकली. ती बोटं अंगठ्याच्या बाजूनं, न दुखावता, एकेक करून सोडवली. म्हातारीचा हात बर्फासारखा गार होता.

मग ती ओलांडून गेली. बूट घरातच राहिले. चिखलातून, मोज्यांवर, मोठ्या रस्त्यापर्यंत ती पळत होती, आणि मागून माणसं येताहेत की शाप, हे वळून बघायची हिंमत तिला झाली नाही.