अप्पांच्या श्वासाची रेघ

काल दवाखान्यात श्वास तपासायची पुठ्ठ्याची नळी ओठांत धरली आणि तिच्या कोरड्या वासासरशी सोलापुरातला आमचा यंत्रमागांचा कारखाना आठवला.

खूप वर्षांपूर्वी तिथं सरकारी संशोधन संस्थेच्या डॉक्टरीणबाई विणकरांची फुप्फुसं तपासायला आल्या होत्या. "जोरात फुंका," अशीच नळी देत त्या म्हणाल्या. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, श्वास आत ओढला. विणताना आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तोंडानं सूत ओढायची जन्माची सवय! आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी धोटा मागून घेतला, उजेडात धरला.

"सुताबरोबर धूळही आत जाते?"

"लई जाती. पर आजवर कुणी इचारलं न्हाय," अप्पा म्हणाले.

मग अप्पांनी फुंकलं आणि यंत्राच्या कागदावर रेघ चढत गेली. माणसाचा श्वास डोळ्यांना दिसतो! केवढी उंच वाटली ती. बाईंकडून मी त्या कागदाची प्रत मागून घेतली.

काल माझ्या तपासणीचा कागद तिच्याशेजारी ठेवला. अप्पांची रेघ माझ्या रेघेच्या निम्मीही नव्हती.