डाव्या कुशीची सुरगाठ

दिंद्रुडचा इसाक पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते विहिरीत बुडी मारणारा म्हणून. कुणाची मोटार पडली, कळशी पडली, सून पडली, की इसाकला बोलावणं. कमरेला धोंडा बांधायचा, उभ्याने तळाला जायचं, पायांनी गाळ चाचपायचा आणि लागेल ते घेऊन वर यायचं. धोंड्याला सुरगाठ मारलेली, तीही डाव्या कुशीला. उजव्या हाताने टोक ओढलं की धोंडा सुटला. ती गाठ मारायचा आणि वरून दोर धरायचा आश्रुबा. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं, पण दोर धरावा तर त्यानेच. एकाला जेवायला बोलावलं की लोक दुसऱ्याचं ताट न विचारता मांडत.

धरण तळाला गेलं त्या साली हुकूम निघाला, की पाणी फक्त पिण्याला, उपसा सोसायटीने उसाला थेंबही द्यायचा नाही. सोसायटी सहकारी, तेव्हा डोक्यांची फोडाफोडीही सहकारानेच झाली. पंपघरावर दोन गावं भिडली. कुऱ्हाडी, टिकाव, ट्रॅक्टरच्या साखळ्या. चेअरमन राधाकिशनचा डावा हात कोपरातून लोंबत होता, आणि कुणाचा तरी तुटका कान दगडावर पडला होता. पंपघराची किल्ली इसाकच्या धाकट्या भावाकडे, नबीकडे. "मोटार लागणार न्हाई," म्हणून तो दारात उभा राहिला. धूळ बसली तेव्हा दारात रक्त होतं आणि नबी नव्हता.

मोटार लावून हवी होती ती राधाकिशनला, तेव्हा हे त्याचंच काम, असं सगळे म्हणाले. इसाकने शहानिशा केली नाही. मोठा पाना घेऊन तो दवाखान्यात गेला आणि खाटेवर पडलेल्या माणसाचा उजवा हातही मोडून आला. फौजदाराने त्याला बडवबडव बडवला आणि सोडताना म्हणाला, "मुडदा दाखव. मुडदा न्हाई तर खून न्हाई."

घरी आई, रहिमाबी, चुलीपुढे बसून होती. ती एवढंच म्हणाली, "मिट्टी देनेकू तो ला रे उसकू."

पंपघरापुढे पाइपाच्या तोंडाशी खोल डोह उरला होता. नबी असला तर तिथेच. इसाक धोंडा बांधून उतरला आणि पायांनी चाचपू लागला. गुडघाभर मऊ गाळ उसळला आणि सगळं काळंठिक्कर झालं. एका दमात तेवढा तळ पालथा घालणं कुणाच्या बापाला जमणार? पाइपाची जाळी साफ करायला ठेकेदाराने कोकणातला एक पाणबुडा आणला होता, तांडेल नावाचा. "गाळ उठला की मला काही दिसत नाही, मी नाही शोधणार," तो म्हणाला. पण रहिमाबी येऊन त्याच्यापुढे नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने जादाचा सिलिंडर इसाकच्या पाठीवर चढवला.

हवा मिळाली, खोड गेली नाही. शिशाची वजनं इसाकने सगळी कमरेला बांधली, धोंड्यासारखी. पाय खाली, डोकं वर, आणि पायाखाली गाळाचा धूर.

"पाण्यात उभा काय राहतोस? पंचायतीच्या निवडणुकीला उभा आहेस?" तांडेल उथळात बांबू घेऊनच उभा असे. टाच खाली गेली की घोट्यावर फटका. "आडवा हो! गुडघे दुमड, टाचा वर, मान उचल." त्याने निम्मी वजनं कमरेवरून काढून सिलिंडरच्या पट्ट्याला खांद्यांजवळ लावली, सिलिंडरही वर सरकवला. तेव्हा कुठे इसाकचे पाय उचलले गेले.

उरला राग. राधाकिशनचा चेहरा आठवला की छाती फुगायची आणि इसाक बुचासारखा वर यायचा. दात खाऊन श्वास सोडला की गाळात आपटायचा. तांडेल म्हणाला, "ज्याला मारायचं त्याला वर आल्यावर मार. खाली सावकाश श्वास घे." घोटे काळेनिळे झाले, पण इसाक शिकला. श्वास भरला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली, आणि तळावरची काडीसुद्धा हलत नसे.

आश्रुबाला हे मुळीच पटत नव्हतं. "त्या कोकण्याचं कावून ऐकतूस, बे? पायानं चाचप. पाय कदी फसवत न्हाईत." तो हे रोज सांगायचा, आणि डोहावर होडीतून दोर धरायलाही रोज यायचा. त्याचा स्वतःचा ऊस पाइपाच्या शेवटाला उभा वाळत होता, पण मित्रासाठी तो शेताकडे फिरकला नाही. लोकांना कौतुक वाटे.

त्या दिवशी इसाक बॅटरी घेऊन डोहात उतरला आणि गाळावर हातभर अंतर ठेवून आडवा सरकत गेला. पाणी गढूळ होतं, पण गाळ उठला नाही. पाइपाच्या तोंडाआड नबी होता. फुगलेला, डोकं मागून फुटलेलं, धोंड्याच्या दोरावर तरंगत उभा. इसाकला हंबरडा फुटला, तोंडातली नळी सुटता सुटता राहिली. मग बॅटरीचा उजेड भावाच्या कमरेवर पडला.

डाव्या कुशीला सुरगाठ होती.

राधाकिशनच्या बापाला ती मारता आली नसती. इसाकने आपल्या खांद्यावरून वर जाणाऱ्या दोराकडे पाहिलं. हात गाठीच्या टोकाकडे गेला होता, सवयीने. तो त्याने मागे घेतला. सुरी काढून धोंड्याजवळचा दोर कापला. नबी गाठीसकट वर निघाला. मागोमाग इसाक, सावकाश श्वास सोडत.

वर आला तेव्हा आश्रुबा होडीतून वाकला होता. त्याने नबीच्या तोंडाकडे पाहिलंही नव्हतं. त्याची बोटं थेट मयताच्या डाव्या कुशीला, गाठीच्या टोकावर होती.

इसाकने त्याचं मनगट धरलं. "राहू दे. ती गाठ फौजदाराला बघू दे."

"ऊस जळत हुता, इसाक. येकडाव मोटार लाव म्हनलं, तर त्यो पाठ फिरवून दार लावाय लागला." असं म्हणत आश्रुबाने वल्हं उचललं आणि इसाकच्या कपाळावर घातलं. रक्ताने डोळा भरला. दुसरा घाव चुकला, आणि होडी कलून आश्रुबा पाण्यात पडला. गटांगळ्या खात तो इसाकच्या नळीला झोंबला. इसाकने त्याच्या तोंडावर ठोसे घातले, दात पडेपर्यंत. मग आश्रुबा खाली जाऊ लागला.

बुडू द्यावा, असं इसाकला मनापासून वाटलं. पण दवाखान्यात एक माणूस दोन्ही हात मोडून पडला होता, त्याने काही केलं नव्हतं, आणि हे सांगणारं तोंड आता तळाला चाललं होतं. इसाकने आश्रुबाची झुलपं धरली आणि त्याला वर खेचला.

काठावर लोक कुऱ्हाडी घेऊन जमू लागले होते. इसाकने आधी नबीला होडीला लावलं. मग आश्रुबा रोज धरायचा तोच दोर घेऊन त्याचे हात होडीच्या कडीला बांधले, आणि या वेळी निरगाठ मारली.